खोळंबा, पण इंग्रजीतला

थांबण्याला मराठीत शब्दांचा तोटा नाही. निघालेला पाहुणा दारात घुटमळतो, घराकडे निघालेली म्हैस बांधावर रेंगाळते, एस.टी.च्या थांब्यावर माणूस ताटकळतो आणि साहेबाच्या दाराशी तिष्ठत बसतो. पाऊस लांबला की पेरणी खोळंबते, मजूर मिळाला नाही की काढणी रखडते. काम अंगाबाहेर टाकायचं असेल तर चालढकल आहे, टाळाटाळ आहे, टंगळमंगळ आहे. दिरंगाई तर आपण फारसीतून उचलली आणि सरकारी कचेरीला कायमची देऊन टाकली! यातला कुठला शब्द कुठे बसवायचा हे घरातल्या लहान पोरालाही शिकवावं लागत नाही.

इंग्रजीतही असाच मोठा गोतावळा आहे. पण तो आपल्या घरी बोलण्यातून येत नाही, कागदावरून येतो. बँकेची नोटीस, कोर्टाची तारीख, मोबाईलवर आलेला संदेश. पेंडिंग, स्टे, ॲडजर्न, मोरॅटोरियम... आणि आपण सगळ्यांचा अर्थ एकच लावतो, 'थांबा म्हणालेत.' थांबा तर खरंच. पण कोण कोणाला थांबवतोय आणि त्या थांबण्याचं भाडं कोणाच्या खिशातून जातंय, हे दर शब्दाला निराळं आहे.

आधी साधा 'वेट' घेऊ. आपण वाट 'पाहतो', म्हणजे नजर रस्त्यावर असते. इंग्रजांचा वेटही मुळात पाहण्याचाच. तो जुन्या फ्रेंच बोलीतून तिकडे गेला आणि त्याचा अर्थ होता पाळत ठेवणं, पहारा करणं. जागं राहणं या अर्थाचा 'वेक' आणि पहाऱ्याचा 'वॉच' ही त्याची चुलत भावंडं. एके काळी इंग्लंडात पहारेकऱ्यालाच वेट म्हणत, आणि शहरांनी पदरी ठेवलेल्या वाजंत्र्यांनाही 'वेट्स' म्हणत. १८३५ साली तिथे नगरपालिकांचा नवा कायदा आला आणि त्या वाजंत्र्यांची पदं गेली; नाव मात्र नाताळात दारोदार गाणी म्हणत फिरणाऱ्यांकडे राहिलं. तेव्हा वेट करणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणारा गडी जे करतो, ते हे.

आळशाचे शब्द दोन्हीकडे सारखेच गमतीचे. आपली टंगळमंगळ, त्यांचं 'डिली-डॅली'. करू की नको, करू की नको असं जो करत बसतो त्याला तिकडे 'शिली-शॅली' करणारा म्हणतात, आणि तो शब्द खरोखरच 'शॅल आय? शॅल आय?' या प्रश्नातून झाला आहे, म्हणजे 'करू का? करू का?' उगाच घोटाळत राहणाऱ्याचा 'लॉइटर' हा बहुधा डच भाषेतल्या 'ढिलं होऊन हलणं' या शब्दावरून आला. पडायला आलेला दात हलतो ना, तसं. आणि कॉलेजच्या पोरांच्या तोंडी असलेला लांबलचक 'प्रोक्रॅस्टिनेट' हा लॅटिनच्या 'क्रास' पासून, म्हणजे 'उद्या' पासून निघाला. आपण काम नुसतं ढकलतो. तो उद्यावर ढकलतो, एवढाच फरक.

इथवर हसण्याचं झालं. आता कागदावरचे शब्द.

'पेंडिंग' म्हणजे लटकत असलेलं. घड्याळाचा लंबक, त्याला इंग्रजीत पेंड्युलम म्हणतात, तो याच घरचा. लॅटिनात टांगण्याला जो धातू आहे त्याचीच ही लेकरं. 'माझं काम लोंबकळत पडलंय' असं आपण म्हणतो तेव्हा आपल्याला न कळत तेच चित्र उभं करतो. पण लटकणारी वस्तू आपोआप खाली येत नाही. कोणीतरी हात लावायला हवा. म्हणून अर्ज पेंडिंग आहे असं कळलं की घरी येऊन निवांत बसू नये; कोणाच्या टेबलावर आणि कोणत्या कागदावाचून लटकलाय ते विचारावं.

'ॲडजर्न' मध्ये फ्रेंच 'जूर' आहे, म्हणजे दिवस. पुढच्या एका ठरलेल्या दिवसावर काम नेणं. आपल्या कोर्टातली 'तारीख' हा त्याचा इतका नेमका अर्थ आहे की पहिल्यांदा ज्याने हा शब्द वापरला त्याचं कौतुक वाटतं. दिवाणी दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तारीख वाढवून देऊ नये असं दिवाणी प्रक्रिया संहितेत लिहिलेलं आहे. पाळलं किती जातं ते तालुक्याला खेटे घालणाऱ्यांनी सांगावं. या ॲडजर्नपुढे कधी कधी 'साइनी डाय' असे दोन शब्द लागतात. ते लॅटिन आहेत आणि अर्थ आहे 'दिवसाविना', म्हणजे पुढची तारीखच दिलेली नाही. हे दिसलं की वकिलाला दोनदा विचारा.

'स्टे' बद्दल तर गावोगाव गैरसमज. बांधाच्या भांडणात स्टे मिळाला की पेढे वाटणारे लोक आहेत. स्टे म्हणजे उभं राहणं. आपल्या संस्कृतातला 'स्था' आणि हा एकाच कुळातले. आहे ते आहे तिथे उभं राहू द्या, एवढंच कोर्ट म्हणतं. जमीन कोणाची हे अजून सांगितलेलंच नसतं.

सगळ्यात महाग पडला तो 'मोरॅटोरियम'. लॅटिनात 'मोरा' म्हणजे उशीर. रेल्वेची वाघीण ठरल्या वेळेत रिकामी केली नाही तर जो 'डेमरेज' भरावा लागतो, तोही याच मोराचा नातू. ऐकायला तो 'डॅमेज' सारखा वाटतो, पण नुकसानभरपाई नव्हे, ते खोळंब्याचं भाडं. आता मोरॅटोरियमचं पाहा. कोविडच्या टाळेबंदीत, २७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलायची मुभा बँकांना दिली, त्यात पीककर्जही होतं. मग मुदत ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत वाढली. कित्येकांनी ऐकलं 'हप्ता माफ'. हप्ता थांबला होता, व्याज चालूच होतं. ट्रॅक्टरच्या कर्जाची १ लाख बाकी असेल आणि दर १२ टक्के धरला, तर सहा महिन्यांत ६,००० रुपये नुसते बसल्या जागी चढले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २३ मार्च २०२१ च्या निकालात त्या काळातल्या व्याजावरचं व्याज घेऊ नये असं ठरलं. मूळ व्याज माफ करायला न्यायालयाने नकार दिला. माफीचा शब्द इंग्रजीत वेगळा आहे, 'वेव्हर'. तो कागदावर छापलेला नसेल तर माफी झाली असं धरून चालू नका.

'ग्रेस' मात्र भला शब्द, त्याचा अर्थच कृपा. आयुर्विम्याचा हप्ता वर्षाचा, सहामाही किंवा तिमाही असेल तर तारखेनंतर ३० दिवस ग्रेस असतो, महिन्याचा असेल तर १५ दिवस. त्या दिवसांत विमा चालूच राहतो. मालकाचं त्या दिवसांत बरंवाईट झालं तरी घरच्यांनी 'हप्ता थकलाय, आता काय मिळणार' असं म्हणून पॉलिसी ट्रंकेत ठेवून देऊ नये.

उरला आपला स्वतःचा उशीर. त्याला कोर्टात 'डिले' म्हणतात आणि तो पोटात घालण्याला 'कंडोनेशन ऑफ डिले', मराठीत विलंबमाफी. फेरफाराच्या वादात तहसीलदाराचा निकाल विरुद्ध गेला तर प्रांताकडे अपील करायला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २५० प्रमाणे ६० दिवस असतात. निकालाची नक्कल मिळायला जो वेळ लागला तो त्यातून वजा होतो, म्हणून नकलेचा अर्ज कधी दिला आणि नक्कल हातात कधी पडली, या दोन्ही तारखांचा शिक्का जपून ठेवायचा. तरीही मुदत उलटली, तर कलम २५१ खाली उशीर का झाला याचं पुरेसं कारण देऊन अपील दाखल करून घ्यायची विनंती करता येते. 'अडाणी आहे, माहीत नव्हतं' एवढ्यावर बहुधा भागत नाही. आई दवाखान्यात होती तर कधीपासून कधीपर्यंत, त्याचे कागद. पुराने रस्ता बंद होता तर किती दिवस, त्याचा ग्रामपंचायतीचा दाखला. हा अर्ज अपिलाच्या सोबतच द्यायचा, मागाहून नाही.