गॅलरीखालची नक्षी कुणाची?



'ऐतिहासिक वास्तूस भेट' हा निबंध आपल्याकडे दरवर्षी लिहिला जातो. वास्तू कोणी बांधली, कधी बांधली, उंची किती आणि शेवटी 'अशा वास्तूंचे जतन करणे हे आपले कर्तव्य आहे'. झाला निबंध! यात मुलगा त्या वास्तूकडे नीट बघतो कधी, हे मात्र कळत नाही. म्हणून आज वास्तूचा एकच तुकडा घेऊ या. गॅलरी, म्हणजेच सज्जा. खरं तर तोही पूर्ण नको, सज्जाच्या खालचा भाग घेऊ.

भिंतीतून बाहेर आलेला सज्जा खाली का पडत नाही? वर्गात याचा सोपा प्रयोग होतो. एका मुलाला हात सरळ पुढे करून तळहातावर चार पुस्तकं धरायला सांगा. थोड्याच वेळात हात थरथरतो. आता कोपर पोटाला टेकवून धरायला सांगा. बराच वेळ धरतो. वजन तेवढंच आहे, पण ते आता हातावरून अंगावर उतरलं. जुन्या इमारतीत सज्जाखाली दगडाचे किंवा लाकडाचे जे तिरपे आधार दिसतात ते हेच काम करतात. पुस्तकात त्यांना 'हस्त' म्हणतात. नाव किती नेमकं आहे बघा. दगड दाबला तर भरपूर वजन सोसतो, पण वाकवायला गेलं की तुटतो. म्हणून दगडी सज्जाला असे हस्त लागतातच, तेही जवळजवळ.

गंमत अशी की जिथं सगळ्यात जास्त ताकद लागते, तिथंच कारागिरांनी सगळ्यात जास्त नक्षी केली.

इटलीच्या दक्षिणेला सिसिली बेट आहे. तिथं ११ जानेवारी १६९३ रोजी मोठा भूकंप झाला आणि नोटो नावाचं गाव जमीनदोस्त झालं. लोकांनी काही किलोमीटर अंतरावर नवीन जागी पुन्हा गाव वसवलं, तेव्हा युरोपात चालू असलेल्या बरोक शैलीत. बरोक म्हणजे भपका, वळणं, हालचाल. तिथल्या निकोलाची घराण्याच्या वाड्याचे सज्जे जगभर प्रसिद्ध आहेत. प्रत्येक सज्जाखाली वेगळी मंडळी : कुठं सिंह, कुठं घोडे, कुठं गुबगुबीत बाळं, कुठं जलपऱ्या, कुठं वेडेवाकडे चेहरे. जणू सगळ्यांनी मिळून सज्जा खांद्यावर घेतलाय. या भागातल्या आठ गावांना २००२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं.

पण हे बघायला सिसिली कशाला? आपलं मंद्रूप सोलापूर-विजापूर रस्त्यावर आहे. भीमा ओलांडून पुढं विजापूरला गेलं की तिथं मेहतर महाल आहे. नावात महाल असला तरी तो महाल नाही. मशिदीकडे जाणारं ते एक उंच, अरुंद प्रवेशद्वार आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं, आदिलशाहीच्या भरभराटीच्या काळातलं, म्हणजे रोममध्ये बरोक शैली नुकती आकार घेत होती त्याच सुमाराचं. त्याच्या सज्जांखालचे हस्त दगडाचे आहेत, पण कोरलेत असे की लाकूडच वाटावं. इतके बारीक, इतके जाळीदार. त्यात पक्ष्यांच्या रांगा आहेत, प्राणी आहेत, वेली आहेत. 'मेहतर' या शब्दावरून लोक तऱ्हेतऱ्हेच्या गोष्टी सांगतात. फारसीत त्याचा मूळ अर्थ 'मोठा', 'वरिष्ठ' असा आहे.

आपल्या शाळांच्या सहली विजापूरला कायम जातात. गोलघुमटात मुलं ओरडतात, आवाज परत परत ऐकतात, खूश होतात. व्हायलाच पाहिजे. पण मग गाडी मेहतर महालासमोर थांबतही नाही. मोठं ते बघायचं आणि बारीक ते सोडून द्यायचं, ही आपली सवय. मला ती पटत नाही.

आता माझा मुख्य मुद्दा. हे कोरीव काम सज्जाच्या खाली असतं. मग वर सज्जात उभ्या असलेल्या धन्याला ते दिसतं का? नाही दिसत. त्याला दिसतो रस्ता. नक्षी दिसते ती रस्त्यावरून मान वर करून चालणाऱ्याला. म्हणजे सरदाराने किंवा सावकाराने पैसा घातला स्वतःच्या घरावर, पण बघायची सोय केली ती परक्या माणसाची. कारण सरळ आहे, त्याला आपला रुबाब दाखवायचा होता. कबूल. पण रुबाब दाखवायला बघणारा लागतो. त्यामुळं ती नक्षी पहिल्या दिवसापासून अर्धी रस्त्याचीच आहे, असं माझं म्हणणं आहे.

काहीजण म्हणतील, गुरुजी, हे गरिबांच्या घामाच्या पैशाचे थाट, त्याचं कौतुक कशाला? प्रश्न बरोबर आहे आणि तो मुलांनी विचारलाच पाहिजे. पुण्याचा विश्रामबागवाडा घ्या. दुसऱ्या बाजीरावाने तो १८०७ च्या सुमारास बांधला, दोन लाख रुपये खर्चून. दर्शनी बाजूला सागवानी खांब आणि लाकडी कोरीवकामाचा सुंदर सज्जा. पण त्याआधी १८०२ मध्ये होळकरांच्या फौजेनं पुणं लुटलं होतं आणि १८०३-०४ मध्ये मोठा दुष्काळ पडला होता. एवढ्यावर दोन लाखांचा वाडा! राग येतो. मात्र तो राग बाजीरावावर काढावा, लाकडावर नको. ज्या सुताराने ते काम केलं त्याचं नाव कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही, त्याच्या हाताची खूण तेवढीच उरली आहे. ती तोडून दुष्काळातल्या माणसाला न्याय मिळत नाही. आणि १८१८ ला पेशवाई गेल्यावर त्याच वाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा भरू लागली. वाड्याचा धनी बदलला, सज्जा रस्त्याकडे बघत तसाच राहिला.

आपल्या सोलापुरातही इंद्रभुवन आहे. अप्पासाहेब वारद यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राहण्यासाठी बांधलेली ही इमारत पुढे महापालिकेची झाली. कमानी, खांब, वेलबुट्टी, मूर्तिकाम, सगळं युरोपच्या थाटाचं. हजारो माणसं कुठला दाखला, कुठला कर म्हणून त्या आवारात जातात. हातात कागद, नजर खिडकी नंबरवर. किती जण वर बघतात? सावकाराचं घर लोकांचं झालं, पण लोकांनी अजून ते डोळ्यांनी ताब्यात घेतलेलं नाही, असं मला वाटतं.

गावाकडची गोष्ट थोडी वेगळी. आपल्या भागातले वाडे माळवदाचे, जाडजूड भिंतींचे. रस्त्याकडे सज्जा क्वचितच. त्यांची सगळी हौस दरवाजाच्या चौकटीवर, मधल्या गणेशपट्टीवर आणि आतल्या लाकडी खांबांवरच्या हस्तांवर. हे वाडे आता पडतायत. वाटण्या झाल्या, वारस शहरात गेले, माळवद गळतं, दुरुस्तीला पैसा नाही. घरमालकाला दोष देणं सोपं आहे, पण गळक्या घरात राहायचं त्याला आहे, आपल्याला नाही. वाडा पाडून सिमेंटचं घर बांधलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. सिमेंटच्या स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या असतात, त्यामुळं गॅलरी हस्ताशिवाय बाहेर काढता येते. हस्तच गेला, मग नक्षी करायला जागाच उरली नाही. उरलेली हौस आता गच्चीवरच्या सिमेंटच्या गरुडावर आणि फाटकावरच्या दोन सिंहांवर भागते. (ते सिंह बहुतेक मांजरासारखे दिसतात, पण हौस खरी आहे.)

खटकतं ते पुढचं. वाडा पाडला की जुनं लाकूड घेणारा माणूस टेम्पो घेऊन येतो. चौकट, खांब, हस्त, सगळं एकगठ्ठा उचलतो. जळणाच्या भावापेक्षा थोडं जास्त मिळालं म्हणून घरचेही खूश. तेच लाकूड मोठ्या शहरात पॉलिश होऊन कुणाच्या तरी दिवाणखान्यात किंवा हॉटेलच्या भिंतीवर लागतं. शंभर वर्षं जे येणारा-जाणारा फुकट बघत होता, ते आता दार लावलेल्या खोलीत गेलं. आणि कुठल्या गावचं, कुठल्या वाड्याचं, ही माहितीही गेली.

ग्रामपंचायतीने आणि शाळेने मिळून एवढं तरी करावं : वाडा पाडायच्या आधी मालकाला विचारून चौकटीचे, हस्तांचे मोबाईलवर फोटो घ्यावेत, वहीत वाड्याचं ठिकाण, लाकूड कुठलं, साधारण वय किती हे लिहावं, आणि मालक तयार असेल तर एखादी गणेशपट्टी शाळेच्या व्हरांड्यात लावावी. चौथी-पाचवीची मुलं हे काम आवडीनं करतील. चित्रकलेच्या तासाला तीच नक्षी वहीत उतरवता येईल, आणि ज्या घरातल्या आजोबांना 'हे कोणत्या सुतारानं केलं' ते आठवतंय, त्यांना ते विचारायला अजून उशीर झालेला नाही.