पुन्हा अर्ज, पण कोठे?

वैशाखात आपल्याकडे घरोघरी आंब्या-फणसाच्या गोष्टी चालू असतात. सातासमुद्रांपलीकडे, अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्याच काही कुटुंबांत मात्र या दिवसांत निराळी शांतता असते. तेथील वैद्यकीय महाविद्यालयांची प्रवेशपत्रे ज्यांना यावयाची त्यांना येऊन गेलेली असतात आणि ज्यांना आली नाहीत त्यांच्यापुढे नव्या अर्जांचा हंगाम उभा असतो. फोंड्याला किंवा काणकोणला दूरध्वनी होतो. 'यंदा झाले नाही, पुन्हा भरणार आहे,' एवढेच नातू सांगतो. आजी म्हणते, देवीला प्रसाद लावते. पुन्हा अर्ज करावयाचा हे ठरलेले असते. तो कोठे करावयाचा, या प्रश्नाचा विचार मात्र सर्वांत कमी होतो. म्हणून त्यावर दोन शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

एम.डी. आणि पीएच.डी. या दोन्ही पदव्या एकत्र देणाऱ्या संयुक्त अभ्यासक्रमाविषयी आम्ही बोलत आहोत. तेथील एम.डी. ही आपल्याकडील एम.बी.बी.एस.नंतरची पदवी नव्हे. वैद्यकाची तीच पहिली पदवी होय. आरंभी दोन वर्षे वैद्यकाचे शिक्षण, मग तीन ते पाच वर्षे प्रयोगशाळा आणि अखेरीस पुन्हा रुग्णांच्या खाटेपाशी दोन वर्षे, असा हा सुमारे आठ वर्षांचा प्रवास. क्लीव्हलंड येथील वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात १९५६ साली याचा पाया घातला गेला. १९६४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तीन विद्यालयांना त्यासाठी सरकारी अनुदान दिले; पुढे अशा विद्यालयांची संख्या पन्नासावर गेली. अशा अनुदानाविना हा अभ्यासक्रम चालविणारी विद्यालये आणखी निराळी. अनुदानित विद्यालयांत शुल्क माफ असते, वर निर्वाहवेतन मिळते. साहजिकच स्पर्धा तीव्र आहे. वर्षाकाठी दोन हजारांच्या आसपास अर्ज येतात आणि सातशेच्या आसपास विद्यार्थी प्रवेश घेतात. दर तिघांत दोघे बाहेर राहतात. तेव्हा पहिल्या खेपेस नकार आला म्हणून कोणी मान खाली घालण्याचे कारण नाही.

पण नकार पचवणे निराळे आणि नकार वाचणे निराळे. पुष्कळांचा समज असा की, चिकाटी म्हणजे गेल्या वर्षीचेच पंधरा-वीस अर्ज त्याच दारांवर पुन्हा नेऊन टाकणे. ही चिकाटी नव्हे. हे पहिले पाढे पंचावन्न. अर्ज कोणत्या पायरीवर अडला, हे आधी पाहिले पाहिजे. एकाही ठिकाणाहून मुलाखतीचे बोलावणे आले नसेल तर दोष बहुधा कागदावरचा असतो. गुण कमी असतील, अर्ज हंगामात उशिरा गेला असेल, संशोधनाचा अनुभव तोकडा असेल किंवा विद्यालयांची यादीच चुकली असेल. प्रवेशपरीक्षेत कमाल गुण ५२८ असतात आणि या अभ्यासक्रमात शिरलेल्यांची सरासरी ५१६च्या आसपास असते. हा आकडा ज्याच्यापासून फार दूर आहे त्याने आधी परीक्षेचा विचार करावा. ती परीक्षाही आयुष्यात सातच वेळा देता येते. उलट, मुलाखती झाल्या आणि तरीही प्रवेश हुकला तर कागद पुरेसा होता, बोलणे अपुरे पडले असे समजावे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संशोधनाचा अनुभव सांगण्यासाठी अर्जात १०,००० अक्षरांची जागा असते, तर दोन्ही पदव्या का हव्यात हे सांगण्यासाठी ३,००० अक्षरांची. ही जागा गेल्या वर्षीच्याच मजकुराने भरणारा उमेदवार आपले वर्ष वाया गेल्याची कबुलीच देत असतो. प्रयोगशाळेतले एक नवे वर्ष आणि त्यातून आलेले एखादे स्वतःचे निरीक्षण, मग ते फसलेल्या प्रयोगाचे का असेना, दहा नव्या पत्त्यांपेक्षा अधिक मोलाचे आहे.

आता मूळ प्रश्न: कोठे? आमचे उत्तर जुन्याच वळणाचे आहे. आधी गुरू पाहावा, मग गाव पाहावे, आणि दारावरची पाटी सर्वांत शेवटी वाचावी. नावाला किंमत नाही असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. मोठ्या नावाच्या विद्यालयात प्रयोगशाळा अधिक असतात आणि ओळखींचे जाळेही मोठे असते. पण आठ वर्षे काढावयाची असतात ती नावापाशी नव्हे, माणसांपाशी.

फेरिड मुराद यांचेच उदाहरण घ्या. इंडियाना राज्यातील एका लहान गावचा हा विद्यार्थी १९५८ साली क्लीव्हलंडला गेला. अभ्यासक्रम कोरा होता आणि त्याची ख्याती अजून व्हावयाची होती. पण तेथे अर्ल सदरलंड आणि थिओडोर रॉल हे दोन शिक्षक होते. शुल्क माफ होते आणि थोडेफार वेतनही मिळणार होते. सदरलंड यांना १९७१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच अभ्यासक्रमातून बाहेर पडलेल्या आल्फ्रेड गिलमन यांना १९९४ साली मिळाले आणि मुराद यांना १९९८ साली. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवावयाची नायट्रोग्लिसरीनची गोळी वैद्य शंभर वर्षे देत होते. ती नेमके काय करते हे कोणाला ठाऊक नव्हते. तिच्यातून सुटणारा नायट्रिक ऑक्साइड वायू रक्तवाहिन्या सैल करतो, हा उलगडा मुराद यांच्या संशोधनातून झाला. रोग्याची कळ आणि प्रयोगशाळेतील नळी या दोहोंशी ज्याचा परिचय आहे असा माणूस समाजाला का हवा, याचे याहून चांगले उत्तर आमच्यापाशी नाही.

दुसरे उदाहरण आपल्या देशातले. यल्लाप्रगडा सुब्बाराव मॅट्रिकला दोनदा नापास झाले आणि तिसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाले. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना पूर्ण पदवीऐवजी खालच्या दर्जाची एल.एम.एस. पदरात घ्यावी लागली. १९२३ साली ते बॉस्टनला पोहोचले आणि १९३० साली त्यांनी हार्वर्डची पीएच.डी. मिळविली. मात्र त्या मोठ्या पाटीखाली त्यांना कायमची प्राध्यापकी लाभली नाही. १९४० साली ते लेडर्ले या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले आणि अवघ्या आठ वर्षांच्या उरलेल्या आयुष्यात फॉलिक आम्लापासून कर्करोगावरील पहिल्या औषधांपर्यंतचे काम त्यांच्या देखरेखीखाली झाले. किनारपट्टीवरील ज्या वृद्धांनी हत्तीरोगाने सुजलेले पाय पाहिले आहेत त्यांना ठाऊक असावे की, त्या रोगावर आजही दिले जाणारे डायइथिलकार्बामाझिन हे औषध त्याच प्रयोगशाळेतून आले. काम जेथे होऊ शकते ते स्थान मोठे, एवढाच याचा अर्थ.

म्हणून दुसऱ्या खेपेची यादी करताना काही प्रश्न नेटाने विचारावेत. आपल्या विषयावर काम करणारे तीन-चार तरी शिक्षक तेथे आहेत काय? एकाच शिक्षकाच्या भरवशावर जाऊ नये. तो दुसरीकडे गेला तर शिष्य उघड्यावर पडतो. त्या शिक्षकांना अनुदान मिळते काय? राष्ट्रीय आरोग्य संस्थेची अनुदाने कोणाला मिळाली याची नोंद सर्वांस खुली आहे. पूर्वीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षे लागली, आणि मध्येच एक पदवी सोडून जाणारे किती? प्रयोगशाळेच्या वर्षांत रुग्णालयाशी संबंध राहतो काय? निर्वाहवेतनातून त्या शहरात खोलीचे भाडे निघते काय? राज्य विद्यापीठे साध्या एम.डी.साठी आपल्या राज्यातील मुलांना झुकते माप देतात. संयुक्त अभ्यासक्रमात हा नियम पुष्कळ ठिकाणी सैल असतो. परक्या राज्यातील उत्तम विद्यालय केवळ या भीतीने यादीतून गाळू नये. गेल्या वर्षी ज्यांनी मुलाखतीस बोलावले होते आणि ज्यांना सांगण्यासारखे आता नवे काही आहे, तेथे मात्र अवश्य पुन्हा जावे.

पैशाचा प्रश्न आज विशेष निकडीचा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने संशोधन अनुदानातील आनुषंगिक खर्चावर १५ टक्क्यांची मर्यादा घालण्याचे जाहीर केले. न्यायालयाने ती रोखली, तथापि त्या वर्षी काही विद्यापीठांनी पीएच.डी.चे प्रवेश आखडते घेतले. सरकारी पैसा आटला तर आमच्या विद्यार्थ्यांचे पुढे काय होईल, असा प्रश्न मुलाखतीत विचारणे हा उद्धटपणा नव्हे. विद्यार्थी आपली आठ वर्षे देतो. त्याला तो अधिकार आहे.

येथून थेट जाऊ इच्छिणाऱ्यांना एक स्पष्ट सांगावयास हवे. राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या या प्रशिक्षण अनुदानाचा लाभ अमेरिकेचे नागरिक आणि कायम रहिवासी यांनाच मिळतो. परदेशी विद्यार्थ्यांना घेणारी विद्यालये थोडी आहेत. आपल्या मुलांनी येथे एम.बी.बी.एस. करून मग पीएच.डी.चा मार्ग धरणे बहुधा अधिक शहाणपणाचे.

आणि आईबापांनाही आमची एक विनंती आहे. मुलाला खरोखर दोन्ही पदव्या हव्या आहेत काय, हे त्याला एकदा निवांतपणे विचारा. रोगी तपासण्यातच ज्याचे मन रमते त्याने साधे एम.डी. करावे. आत गेल्यावर संशोधनाची ओढ लागली तर संयुक्त अभ्यासक्रमाचे दार पुष्कळ विद्यालयांत मागाहूनही उघडते. नातेवाइकांत सांगावयास बरे दिसते म्हणून आठ वर्षांचे जू कोणाच्या मानेवर ठेवू नये.

आजीने देवीला प्रसाद अवश्य लावावा. त्या श्रद्धेला आम्ही हसणार नाही. पण कौल घेताना प्रश्न नेमका विचारावा लागतो, हे तीही जाणते. 'माझ्या नातवाचे होईल काय?' हा प्रश्न फार मोघम आहे. तो कोणत्या गुरूपाशी, कोणत्या कामासाठी जाऊ इच्छितो, याचे उत्तर त्याने आधी स्वतः द्यावे. ते एकदा ठरले, की पाकळी उजवी पडो वा डावी, त्याचे पुढचे वर्ष फुकट जाणार नाही.