चुकत्या चेकचा साक्षीदार

लाखनीहून आमच्या एका वाचक भगिनींचें पत्र आलें आहे. नागपुराहून रायपुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील, भंडारा जिल्ह्याच्या भाताच्या मुलखांतलें हें तालुक्याचें गांव. तेथें त्यांचें जुनें कवेलू घर आहे. यजमान निवर्तल्यापासून घरचा हिशेब त्या स्वतःच पाहतात. पावसाळ्यापूर्वीं छपराच्या वाशांबद्दल त्यांनीं एका व्यापाऱ्यास ४२,००० रुपयांचा चेक दिला. खात्यांतून रक्कम गेली; आणि आतां व्यापारी म्हणतो, "मला पैसे पोंचलेच नाहींत." बाईंनीं आपल्या बँकेकडे तो चेक मागितला, तेव्हां "चेक आमच्याकडे आलाच नव्हता, त्याचें चित्र आलें होतें," असें उत्तर मिळालें. "ज्या कागदावर माझी सही, तो कागदच न पाहतां माझे पैसे दिले कसे, आणि आतां मीं पुरावा कोठून आणावा?" असें त्या विचारतात. प्रश्न एकट्या त्यांचा नाहीं, म्हणून त्याचें उत्तर येथें देत आहों.

प्रथम जुनी रीत आठवूं. सराफी पेढ्यांच्या काळीं हुंडीचे पैसे चुकते झाले कीं त्या कागदास खोका म्हणत, आणि तो पैसे देणाराच्या दप्तरांत राही. उद्यां कोणी "पैसे पावले नाहींत" म्हणाला तर खोका काढून पुढें ठेवावयाचा, कीं वाद मिटला. मूळ हुंडी वाटेंत गहाळ झाली तर पैंठ, आणि तीही हरवली तर परपैंठ देण्याची वहिवाट होती. चेकची चालही पुष्कळ वर्षें अशीच होती. तो वटण्यासाठीं प्रत्यक्ष आपल्या बँकेंत येई, तेथील लेखनिक सही ताडून पाही, आणि कागद तेथेंच राही. सारांश, कागद हाच साक्षीदार होता आणि तो पैसे देणाराच्या बाजूस उभा असे.

ही चाल बदलली ती "चेक ट्रंकेशन" नांवाच्या पद्धतीनें. चेक ज्या बँकेंत भरला जातो तेथेंच आतां थांबतो. त्याच्या पुढील बाजूचीं दोन व मागील बाजूचें एक अशीं तीन चित्रें घेतलीं जातात, आणि चेकच्या तळाशीं चुंबकीय शाईनें छापलेल्या अंकांसह तीं क्षणार्धांत पैसे देणाऱ्या बँकेकडे जातात. ती बँक चित्र पाहूनच होकार किंवा नकार कळविते. या पद्धतीचा आरंभ १ फेब्रुवारी २००८ रोजीं दिल्लींत झाला. सन २०११ मध्यें चेन्नईस व २०१३ मध्यें मुंबईस ती सुरू झाली. आणि ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत देशांतील सर्व शाखा तींत आणाव्या असें रिझर्व्ह बँकेनें ठरविलें. लाखनीसारख्या गांवास याचा लाभ थोडा नाहीं. पूर्वीं परगांवचा चेक टपालानें हिंडे आणि पैशांची वाट पाहण्यांत दिवसामागून दिवस जात. तो खोळंबा आतां राहिला नाहीं. परंतु साक्षीदारानें मात्र घर बदललें आहे: तो आतां पैसे घेणाराच्या बँकेंत बसतो.

कायद्यानें याचा विचार केलेला आहे. चेक-हुंड्यांसंबंधीं सन १८८१ चा जो कायदा, त्यांत सन २००२ सालीं दुरुस्ती झाली. पैसे देणाऱ्या बँकेनें चित्राच्या छापील प्रतीखालीं दाखला लिहून दिला, तर तो पैसे दिल्याचा प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. शिवाय मूळ कागद नाहींसा झालेला नसतो. तो घेणाऱ्या बँकेनें दहा वर्षें जपून ठेवावयाचा असतो. तो पाहणें असल्यास आपल्याच बँकेकडे मागणी करावी. ती तो तिकडून मागवील. त्याबद्दल कांहीं आकार मात्र पडूं शकेल. खोटेपणाचा संशय आल्यास "मूळ चेकच हजर करा" असें सांगण्याचा अधिकारही कायद्यानें पैसे देणाऱ्या बँकेस दिला आहे.

व्यापारी खोटेंच बोलतो असें आधींच धरून चालूं नये. चेक कोठें व कोणाच्या खात्यांत भरला गेला, याचा माग आधीं काढावा. भलत्याच इसमानें नांव बदलून तो वटविला असेल, तर बाई व व्यापारी दोघेही एकाच चोराचे बळी ठरतील. चेक घेणाऱ्या बँकेनें त्याचा खरेपणा वाजवी काळजीनें तपासावा, असें तोच कायदा सांगतो. मग भांडण शेजारपाजारचें न राहतां जबाबदारी बँकांकडे जाईल.

या सोयीची किंमत आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. शाईची छटा, खरवडलेल्या कागदाचा स्पर्श हीं चित्रांत पुरतीं उतरत नाहींत. ४ ऑक्टोबर २०२५ पासून तर असा नियम अमलांत आला कीं, पैसे देणाऱ्या बँकेनें त्याच दिवशीं सायंकाळीं ७ वाजेपर्यंत उत्तर न दिल्यास चेक मान्य समजावा. मौन म्हणजे संमति, हें वचन असें बँकेलाही लागू झालें. तथापि परदेशाशीं ताडून पाहतां आपली स्थिति अगदींच वाईट नाहीं. अमेरिकेंत सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर विमानें जागच्या जागीं खिळलीं आणि चेकांच्या थैल्याही अडकल्या. त्या अनुभवानंतर सन २००३ सालीं चित्रावरून काढलेल्या प्रतीस मूळ चेकची मान्यता देणारा कायदा तेथें झाला. पण मूळ कागद जपण्याचें बंधन त्यानें घातलें नाहीं. आपल्याकडे तें आहे.

म्हणून घरचा व्यवहार पाहणारांनीं चेकबुकांतील अधपन्ना कोरा ठेवूं नये. तारीख, नांव, रक्कम व कारण त्यावर लिहावें. चेक गडद व पक्क्या शाईनें लिहावा. चूक झाल्यास नवा चेक घ्यावा, कारण तारखेखेरीज कोणतीही दुरुस्ती या पद्धतींत चालत नाहीं. ५०,००० रुपये व त्यावरील चेकचा तपशील बँकेस आधीं कळविण्याची सोय १ जानेवारी २०२१ पासून झाली आहे. ती आळसानें सोडूं नये, कारण तसें न केल्यास या पद्धतीच्या तंटा-निवारणांत तक्रार घेतली जात नाहीं. खात्याचा उतारा दरमहा अधपन्न्याशीं ताडून पाहावा.

लाखनीच्या भगिनींनीं तोंडी उत्तरावर परतूं नये. चित्राची प्रत व तिजखालील दाखला यांची मागणी लेखी करावी आणि अर्जाच्या नकलेवर पोंच घ्यावी. बँकेकडे केलेल्या तक्रारीची ३० दिवसांत दाद लागली नाहीं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातां येतें. तेथें फी पडत नाहीं. पूर्वींचे लोक खोका आपल्या दप्तरांत ठेवीत. आपणांस तो दुसऱ्याच्या दप्तरांतून मागून घ्यावा लागतो. मागण्याचा हक्क मात्र आपलाच आहे, आणि तो दहा वर्षें शिल्लक असतो.