मोडी नुसती मिरवायची की वाचायचीही?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात ‘शिंदे की छावनी’ नावाची वस्ती आहे. आडनाव मराठी, ‘की’ हिंदी. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे लष्कर शहर झाले. छावणी म्हटली की लोकांना घोडे आणि तोफा आठवतात. मी पडलो सरकारी कारकून, त्यामुळे मला आधी दिसतात ते बोरू कानाला लावून बसलेले कारकून. दाणावैरणीचा हिशेब, थकलेले पगार, पुण्याला जाणारी पत्रे, सगळे मोडीत.

ही मोडी हल्ली पुन्हा दिसू लागली आहे. २०१४ साली युनिकोडमध्ये तिला स्वतःची जागा मिळाली, फॉण्ट आले, आणि ती लग्नपत्रिकांवर नि टी-शर्टांवर चढली. नात्यातल्या एका पत्रिकेवर वधूवरांची नावे मोडीत होती. घरात कोणालाच वाचता आली नाहीत. नक्षी मात्र सगळ्यांना आवडली!

मोडी नक्षीसाठी जन्मली नाही, घाईसाठी जन्मली. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली हात शक्य तितका न उचलता अक्षरे लिहीत जायचे. शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर करायची नाही. (शुद्धलेखनात गुण गमावलेल्यांनी ही लिपी जरूर शिकावी.) तिचा डौल या वेगातून आला. छापायला ती कठीण, तरी विल्यम कॅरीने १८१० मध्ये श्रीरामपूरला आपला मराठी कोश मोडी खिळ्यांनी छापला. पुढे छापखान्यांनी बाळबोधच पत्करली.

सजावटीला माझा विरोध नाही. अच्युत पालवांनी मोडीचा अभ्यास करून मुक्तलिपी घडवली, तीही सजावटच. पण तिच्यामागे जुने कागद वाचलेला हात आहे. फॉण्टमधला प्रत्येक ‘क’ सारखाच. दप्तरातला ‘क’ लिहिणाऱ्यागणिक बदलतो, आणि खरी अडचण तिथेच आहे. फॉण्टवरून मोडी शिकलेला माणूस खऱ्या कागदापुढे अडखळतो.

आणि कागद तर ढिगाने पडले आहेत. महादजी शिंद्यांची पत्रे १९३७ साली ग्वाल्हेरहून छापली गेली, गो. स. सरदेसाईंनी ती संपादित केली, म्हणून तुम्हीआम्ही ती बाळबोधीत वाचू शकतो. आपल्या पणजीच्या पुराभिलेखातही मोडी कागद आहेत. घरोघरच्या पेट्यांतले वेगळेच. जमिनीच्या वादात कोणीतरी घडी घातलेला पिवळा कागद घेऊन कचेरीत येतो, आम्ही तो उलटासुलटा करतो आणि परत देतो. त्या कागदावर त्याच्या आजोबांची बाग असू शकते.

नोकरीत टिकायला आम्हाला टायपिंगची परीक्षा द्यावी लागली. तशीच मोडीची ठेवा, पास होणाऱ्याला एखादी वेतनवाढ द्या. पत्रिका छापणाऱ्यांनी हवी तेवढी मोडी छापावी, फक्त खाली बारीक बाळबोधीत नावेही द्यावीत. आहेर कोणाच्या नावाने द्यायचा, तेवढे तरी कळेल.