कोड खुला, फोनला मात्र कुलूप!

'आरटीओ चलान' नावाची एपीके फाइल व्हॉट्सॲपवर येते, घरातलं कुणीतरी ती उघडतं आणि खात्यातले पैसे गायब होतात. लग्नपत्रिकेच्या नावानेही अशा फाइल्स फिरतात. त्यामुळे 'बाहेरून ॲप टाकणं कडक करतोय' असं गुगल म्हणतं, तेव्हा आधी बरंच वाटतं. पण नियम नीट वाचला की प्रश्न सुरू होतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलने जाहीर केलं, की सर्टिफाइड अँड्रॉइड फोनवर एखादं ॲप इन्स्टॉल व्हायचं असेल, तर ते बनवणाऱ्याने आधी गुगलकडे स्वतःची ओळख नोंदवलेली हवी. ॲप प्ले स्टोअरवर नसलं तरीही! सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून. २०२७ पासून बाकीच्या जगात, म्हणजे आपल्याकडेही.

इंटरनेटवरून थेट घेतलेल्या ॲप्समध्ये प्ले स्टोअरच्या तुलनेत ५० पटींहून जास्त मालवेअर सापडतं, असं गुगल सांगतं. उपमा विमानतळाची दिली आहे: इथे फक्त ओळखपत्र बघणार, बॅगेची तपासणी वेगळी. आता गंमत बघा. भामट्याची बॅगच तर धोकादायक असते! आणि दुसऱ्याच्या कागदपत्रांवर सिमकार्ड आणि बँक खाती उघडणाऱ्या टोळ्यांना डेव्हलपर म्हणून नोंदणी करणं कितीसं जड जाईल? थोडा अडथळा येईल, हे मान्य. पण किंमत कोण मोजणार, हेही बघायला हवं.

'पण अँड्रॉइड तर ओपन सोर्स आहे ना?' हो, आहे. एओएसपी या नावाने त्याचा मूळ कोड २००८ पासून खुला आहे. कुणीही घ्या, बदला, फोनवर टाका. आयआयटी मद्रासमध्ये इन्क्युबेट झालेल्या कंपनीने २०२३ मध्ये आणलेलं 'भारओएस' त्यावरच उभं आहे. मात्र प्ले स्टोअर, मॅप्स आणि असंख्य ॲप्स ज्यावर अवलंबून असतात ती प्ले सर्व्हिसेस या कोडमध्ये नाहीत. ती गुगलची खासगी मालमत्ता. फोन कंपनीला करार करूनच मिळते. २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे हुवावेच्या नव्या फोन्सना ही सेवा मिळेनाशी झाली. खुला कोड हातात होताच, तरी चीनबाहेर त्यांचा फोनचा धंदा कोसळला. खरी ताकद कुठे आहे, ते तेव्हाच दिसलं.

आपल्या स्पर्धा आयोगालाही ते दिसलं होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला. त्याच आदेशात एक कमी चर्चेतली सूचना होती: डेव्हलपर्सना प्ले स्टोअरबाहेरून ॲप देण्यापासून कोणत्याही प्रकारे रोखू नका. मार्च २०२३ मध्ये अपील लवादाने दंड कायम ठेवला, पण नेमकी ही सूचना रद्द केली. तेव्हा कुणाला फारसं काही वाटलं नाही. आज ती सूचना असती, तर नव्या नियमावर बोट ठेवायला आपल्याकडे काहीतरी असतं.

फटका कुणाला? 'एफ-ड्रॉइड' हे ॲप्सचं मोफत भांडार २०१० पासून फक्त खुल्या कोडची ॲप्स देतं. त्यासाठी लॉगिनही लागत नाही. ॲप्स बनवणारे जगभर विखुरलेले हौशी लोक. त्यांना आम्ही नोंदणीची सक्ती करू शकत नाही, हा नियम आला तर आमचा प्रकल्पच संपेल, असं एफ-ड्रॉइडने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीरपणे सांगितलं. टीका वाढल्यावर नोव्हेंबरमध्ये गुगल थोडं नरमलं. जाणकारांसाठी धोक्याच्या सूचना दाखवून पुढे जाऊ देणारा वेगळा मार्ग ठेवू, असं म्हणालं. हा मार्ग किती खडतर ठेवतात, त्यावर सगळं अवलंबून आहे.

मग सरळ 'लिनिएजओएस'सारखी सिस्टिम का टाकू नये? सर्टिफाइड नसलेल्या फोनला हा नियम लागूच नाही. जुन्या, अपडेट बंद झालेल्या फोनला त्याने नवं आयुष्यही मिळतं. अडचण अशी, की त्यासाठी बूटलोडर अनलॉक करावा लागतो आणि असा फोन दिसला की बँकांची बरीच ॲप्स चालायला नकार देतात. कँटीनच्या चहाचे दहा रुपयेसुद्धा यूपीआयने देणाऱ्या आपल्यासारख्यांनी तो फोन वापरायचा कसा?

विद्यार्थी आणि हौशी डेव्हलपर्ससाठी गुगल बिनाशुल्क खातं देणार आहे, पण त्यातून ॲप मोजक्याच फोनवर टाकता येईल. प्रोजेक्टच्या व्हायवाला तेवढं पुरेल. कॉलेज फेस्टचं वेळापत्रक दाखवणारं ॲप बनवून त्याची एपीके अख्ख्या कॉलेजच्या ग्रुपवर टाकणाऱ्यांना मात्र फेस्टच्या तयारीत आणखी एक काम वाढेल: आधी गुगलकडे नाव नोंदवणं.