हात थरथरतो, म्हणून काय झाले?



आम्ही आचऱ्याला रामेश्वराच्या दर्शनास गेलो होतो. हातावर पुरता ताबा नसलेल्या एका तरुणाने मोबाईल दुरुस्तीचे दुकान काढायचे म्हटले, तर लोक म्हणाले, "ह्येका जमूचा नाय!" आम्हाला हे पटत नाही. फोन पकडीत घट्ट बसवावा, भिंग लावावे, बारके स्क्रू चुंबकाच्या पाटीवर ठेवावेत. बॅटरी सावकाश बदलता येते. बारीक डाख जोडीदाराने द्यावा. ऊस तरी एकटा कोण काढतो? तोडणारा एक, वाहणारा दुसरा, गाळणारा तिसरा! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने धंद्यासाठी सवलतीच्या जागेत ५ टक्के राखीव ठेवायला सांगितले आहे. गावोगावी तेवढे तरी व्हावे. कीव नको, जागा द्या!