नोहा गप्प का बसला?

मुलांच्या पुस्तकांत नोहाचं तारू भलतंच गोड दिसतं. खिडकीतून माना काढलेले जिराफ, हत्तींची जोडी, पांढऱ्या दाढीचा हसरा म्हातारा. खालच्या पाण्यात कोण आहे, ते चित्रात नसतं. मायकेलअँजेलोने मात्र काढलं. सिस्टाइन चॅपेलच्या छतावर तारू दूर, मागे आहे. पुढे आहेत ती बुडणारी माणसं. बायकोला पाठीवर घेतलेला नवरा, मुलाचं निश्चल शरीर उचलून आणणारा बाप. हेच ते दुष्ट लोक.

‘होय, आणि तो देवाचा न्यायच होता,’ असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. लोक बिघडले होते, त्यांना बजावलं होतं, त्यांनी ऐकलं नाही, सज्जन तेवढा वाचला, हिशेब चुकता. ऐकायला ठीक. पण उत्पत्तीच्या पुस्तकात लोकांना बजावल्याचं कुठेही नाही. देव फक्त नोहाशी बोलतो. तारू ३०० हात लांब, ५० हात रुंद, ३० हात उंच कर म्हणतो, आणि नोहा निमूट कामाला लागतो. नोहाने लोकांना उपदेश केला, ही पुढच्या परंपरेने घातलेली भर.

याच पुस्तकात पुढे सदोम शहर नष्ट व्हायची वेळ येते, तेव्हा अब्राहाम देवाशी चक्क घासाघीस करतो. पन्नास नीतिमान सापडले तर? पंचेचाळीस? चाळीस? असं करत दहापर्यंत येतो. सगळं जग बुडणार हे कळूनही नोहा एक शब्द बोलत नाही. ज्यू भाष्यकारांना ही शांतता शतकानुशतकं खुपत आली आहे. कथेत नोहाच्या तोंडचे पहिले शब्द येतात ते पूर ओसरल्यावर, दारू पिऊन उठल्यानंतर. आणि ते शब्द म्हणजे शाप! तोही कनानला, म्हणजे नातवाला. आगळीक केली होती नातवाच्या बापाने.

मग न्याय कुठे झाला? सहाव्या अध्यायात देव पृथ्वी बुडवायचं ठरवतो, कारण माणसाच्या मनातले विचार वाईट आहेत. आठव्या अध्यायात, पुरानंतर, तो पुन्हा असं करणार नाही म्हणतो आणि कारण देतो तेच: माणसाच्या मनातले विचार लहानपणापासून वाईट आहेत. ज्या कारणासाठी मारलं, त्याच कारणासाठी सोडलं. इतकी प्रेतं पडून माणूस तसूभरही सुधारला नाही, हे खुद्द कथाच सांगते. बदलला तो देव.

कृपा म्हणायची तर मी याला म्हणेन. आठ माणसं वाचली, याला नव्हे; बाकीच्यांच्या मढ्यांवरून तरंगत गेलेल्या कृपेचं कौतुक मला जमत नाही. न्यायाधीशाने स्वतःचे हात बांधून घेतले, ही खरी गोष्ट आहे. ढगातल्या कमानीसाठी हिब्रू शब्द आहे तो लढाईतल्या धनुष्याचाच. आपल्या इंद्रधनुष्यातही ते शस्त्र आहेच. देव ते ढगात ठेवतो, आणि ते कुणाला आठवण राहावी म्हणून? माणसाला नव्हे. ते पाहून मला माझा करार आठवेल, असं देव स्वतःबद्दल म्हणतो.

हे सगळं वाचूनही दर संकटानंतर कुणीतरी उठतंच. २००५ साली कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्स बुडालं, तेव्हा अमेरिकेतल्या काही धर्मोपदेशकांनी ती शहराच्या पापाची शिक्षा ठरवली. छपरांवर अडकलेली ती माणसं बहुतांशी गरीब होती, गाडी नाही म्हणून शहराबाहेर पडू न शकलेली. बांध फुटले ते सदोष बांधकामामुळे. पापच शोधायचं तर तिथे शोधा ना! ज्या ग्रंथाच्या नावाने हा निवाडा दिला, त्यात देवाने असले निवाडे देण्याचं सोडून दिल्याचं नवव्या अध्यायात लिहिलंय.

तारवातून सोडलेल्या कबुतराला हिब्रूत ‘योना’ म्हणतात. याच नावाचा एक संदेष्टा बायबलमध्ये आहे. निनवे शहर देवाने माफ केलं म्हणून तो रुसून बसतो. त्याला ते बुडालेलं बघायचं होतं. देव त्याला विचारतो, उजवाडावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांवर माणसं आहेत तिथे, शिवाय कितीतरी गुरंढोरं. त्यांची दया मला येऊ नये का? योनाचं पुस्तक तिथेच संपतं. योना उत्तर देत नाही.